सात अठ्ठे किती?

पाढे कुठपर्यंत पाठ हवेत, हा विषय मराठी घरात निघाला की घरातल्या माणसांचे हटकून दोन पक्ष पडतात. आजोबा तिसाच्या खाली उतरायला तयार नसतात; शिवाय पावकी, निमकी, दिडकी, औटकी अशी एकेक नावे घेऊन ते समोरच्या पिढीला गप्प करतात. आई म्हणते, "हल्ली सगळे हिशेब फोनवर होतात, पोराला कशाला छळायचे?" आणि ज्याच्यासाठी हा वाद चाललेला असतो ते आठ वर्षांचे पोर हळूच गॅलरीत सटकते.

मी ३५ वर्षे तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकविले. या काळात दोन्ही पक्षांचे म्हणणे इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला पाढ्यांसारखेच पाठ झाले आहे. माझे मत विचाराल तर आजोबा तिसाचा आग्रह धरतात तो थोडा जास्त आहे, आणि आईला वाटते तितके पाढे निरुपयोगी खासच नाहीत. पुढे भागाकार येतो, मग अपूर्णांक आणि लसावि-मसावि येतात. ५६ म्हटल्याबरोबर ज्या मुलाला सात आणि आठ दिसत नाहीत, त्याची प्रत्येक गणितात अर्धी शक्ती गुणाकारातच खर्च होते. मूळ गणित काय विचारते आहे, हे पाहायला मग त्याच्याजवळ काही उरत नाही. फोन गुणाकार करून देईल. पण ५६ मध्ये सात दडलेले आहेत हे मुलाला सुचायला हवे, ते सुचवायला फोन येत नाही.

पण मग तीसच का? याचे उत्तर जुन्या बाजारात आहे.

मी पहिलीत गेले तेव्हा नवे पैसे नुकतेच आले होते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. मणाचे ४० शेर, शेराच्या १६ छटाक. सोनाराकडे तोळ्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा. कापडाच्या दुकानात गजाचे २४ तसू. ज्या जगात बारा, सोळा आणि चोवीस पदोपदी भेटत होते, तिथे बाराचा, सोळाचा आणि चोविसाचा पाढा ही चैन नव्हती, ती रोजची गरज होती. सोळा आण्यांचे चार भाग सरळ पडतात, म्हणून पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचेही पाढे झाले. सव्वा रुपया शेर भावाने साडेतीन शेर जिन्नस घेतला तर पैसे किती? ज्याला सवायकी येत होती तो तिन्ही सव्वे पावणेचार म्हणे, वर अर्ध्या शेराचे दहा आणे मिळवी आणि चार रुपये सहा आणे काढून देई. पाटी नाही, पेन्सिल नाही. दुकानदाराच्या आधी गिऱ्हाइकाचा हिशेब तयार!

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. 'औट' हा शब्द चौथ्याचा अर्धा अशा अर्थाच्या जुन्या संस्कृत शब्दापासून झिजत आला आहे: तीन पुरे आणि चौथा अर्धा. 'अडीच' तसाच तिसऱ्याच्या अर्ध्यापासून आलेला. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, साडेतीन शहाणे, साडेतीन हातांचा देह असे ज्या भाषेत जागोजागी साडेतीन येतात, तिने साडेतीनचा पाढाही करून ठेवला यात नवल ते काय?

इंग्रजांचेही असेच. त्यांच्या शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणून त्यांची मुले बारापर्यंत पाढे घोकीत. त्यांचे नाणे १९७१ साली दशमान झाले. बारा पेन्स गेले, पण बाराचा पाढा अजून शाळेत ठाण मांडून बसला आहे. इंग्लंडमधल्या नऊ वर्षांच्या मुलांची २०२२ पासून पाढ्यांची सरकारी चाचणी होते, तीही बारा बारापर्यंतच. जपानी मुले दुसरीत पाढे म्हणतात आणि नवावर थांबतात. त्यावरून त्यांचे हिशेब चुकतात असे कुणी म्हणणार नाही.

आपल्याकडे १९६२ साली मेट्रिक वजनमापे सक्तीची झाली आणि शेर-छटाक गेले. तेव्हा एकविसापासून तिसापर्यंतच्या पाढ्यांचे मूळ कारण उरले नाही. मात्र पाव, दीड, अडीच कुठे गेले? आपण आजही दीड किलो साखर आणतो, पाऊण तास थांबतो, अडीच लाखांचे कर्ज काढतो आणि सव्वाशे रुपयांची भाजी घेतो. कुणी मला एकाची निवड करायला सांगितली, तर मी बाविसापासून अठ्ठाविसापर्यंतचे पाढे सोडून देईन आणि पावकी ते अडीचकी ठेवीन. आजोबांना हे अर्धेच पटते. पण अर्धे पटले तर निमकीचा उपयोग झाला असे मी समजते.

आता दुसरी अडचण. ही खास आपल्या भाषेची आहे, आणि तिच्याकडे आईबापांचे सहसा लक्ष जात नाही. पाढा हा संख्यांच्या नावांवर उभा असतो, आणि मराठीत शंभरापर्यंत बहुतेक प्रत्येक संख्येचे नाव वेगळे लक्षात ठेवावे लागते. त्यातून आपण 'तेवीस' म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. सात वर्षांच्या मुलाने तेवीस ऐकून ३२ लिहिले तर त्याने कानाशी इमान राखले म्हणायचे! छत्तीस आणि त्रेसष्ट यांची अदलाबदल मी शेकडो पाट्यांवर आणि वह्यांवर पाहिली आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद असा छान क्रम लागतो, आणि मग एकदम नव्याण्णव येऊन तोही मोडतो. कानडी आणि तेलुगू मुलांना हा त्रास नाही. त्यांच्या भाषेत वीस आधी, एक मागून.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढे वादळ उठले ते वाचकांना आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला, विनोदांना ऊत आला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे आपली बाजू मांडली होती: मुलाला जोडाक्षरे अवघड जातात, संख्येची फोड कळायला हवी. मंगलाताई २०२३ साली गेल्या. जुनी नावे टाकून द्यावी असे मला वाटत नाही. 'एकोणतीस' हा शब्द तर स्वतःच एक गणित आहे, एक कमी तीस. परंतु ज्या मुलाला सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात हे अजून नीट उमगलेले नाही, त्याच्याकडून सातचा पाढा घोकून घेणे म्हणजे पाया भरण्याआधी गच्ची बांधणे होय. आधी संख्यांची नावे पक्की, मग पाढे. एवढे पथ्य पाळले तर निम्मी रडारड वाचते.

इंग्रजी शाळेतल्या मुलांची आणखी एक तऱ्हा. ती 'टू वन जा टू, टू टू जा फोर' म्हणतात. 'टूज आर' चे झिजून झालेले हे 'जा' कुठून आले ते त्यांना माहीत नसते, आणि बिघडतही नाही. आपल्या 'त्रिक', 'चोक' आणि 'सक' यांचे मूळ तरी कितीजणांना ठाऊक असते? पण घरात आजी 'सात सक बेचाळीस' शिकवते, शाळेत बाई 'सेव्हन सिक्सेस' विचारतात, आणि पोर मध्ये अडकते. ज्या भाषेत मूल वर्गात गणित करते, त्याच भाषेत पाढे आधी पक्के होऊ द्यावे. मराठी पाढे मागाहून गंमत म्हणून शिकवावेत. चालीमुळे ते लवकर येतात. दोन्ही एकाच महिन्यात कोंबू नयेत.

चालीवरून आठवले. घोकंपट्टीला नावे ठेवण्याची हल्ली रीत पडली आहे. मला ती सरसकट पटत नाही. मराठी पाढ्यांचा ठेका शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेला आहे. दोनचा पाढा 'दोन एके' असा सुरू होत नाही, 'बे एके' असा होतो, कारण 'बे' जिभेला सोपा. शंभराच्या पुढे गेले की 'सोळा सत्ते बारोदरसे, सोळा अठ्ठे अठ्ठाविसासे' असे शब्द येतात. घरोघरी त्यांचा उच्चार थोडा निराळा असेल, पण हेतू एकच, की 'एकशे अठ्ठावीस' असे लांबलचक म्हणताना ताल तुटू नये. दिवेलागणीला शुभंकरोती झाले की परवचा म्हणायचा, ही चाल तर फारच शहाणपणाची होती. रोज थोडे, ठरल्या वेळी, आणि पुस्तकात न पाहता आठवून म्हणायचे. स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एबिंगहाउस या जर्मन पंडितापासून, म्हणजे १८८५ पासून, हेच सांगत आले आहेत की एका दिवशी दोन तास घोकण्यापेक्षा रोज दहा मिनिटे आठवणे जास्त टिकते.

घोकण्याचा दोष निराळ्याच ठिकाणी आहे, आणि तो मला एका मुलीमुळे फार स्पष्ट दिसला.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबातली ही मुलगी. तिसरीत होती. दर मंगळवारी सकाळी तिचे पोट दुखू लागे. डॉक्टर झाले, जंताचे औषध झाले, बाहेरचे खाणे बंद झाले. मंगळवार मात्र सुटेना. शेवटी तिच्या आईच्या ध्यानात आले की मंगळवारी शाळेत पाढ्यांची तोंडी परीक्षा असते. एकेकाला उभे करायचे, घड्याळ लावायचे, आणि चुकेल त्याने इतरांचे होईपर्यंत उभेच राहायचे. पोर शाळेत रडत नव्हती, घरी सांगत नव्हती. तिने गणिताचे पुस्तक कपाटामागे टाकून दिले होते, ते दिवाळीच्या साफसफाईत सापडले. आई पुस्तक घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, हिला पंधरापर्यंत पाढे तोंडपाठ आहेत हो. रोज म्हणून घेते मी. मग शाळेत काय होते हिला?"

मी मुलीला पाढा म्हणायला सांगितले. खरोखर, सातचा पाढा तिने एका दमात म्हटला. मग मी सहज विचारले, "सात अठ्ठे किती गं?" तिने खाली पाहिले. ओठ हलू लागले, फ्रॉकच्या घडीत बोटे हलू लागली. ती सात एके सातपासून निघाली होती! आठव्या पायरीवर पोहोचायला तिला बरेच क्षण लागले, आणि वाटेत मी खोकले तर ती पुन्हा पहिल्या पायरीवर गेली. आपल्याला कुणी आरतीच्या चौथ्या कडव्याची दुसरी ओळ विचारली तर आपले असेच होईल. मुलीला पाढा येत होता. पाढ्यातली एकेक जोडी सुटी येत नव्हती. आणि शाळेचे घड्याळ तर सुटी जोडीच विचारते.

तेव्हा दिवाळीचेच दिवस होते. मी अंगणात गेरू सारवला आणि तिला सात रांगा, दर रांगेत आठ असे सरळ ठिपके काढायला लावले. रांगोळीत मधल्या ठिपक्यांचा प्रकार असतो, तो इथे चालत नाही. रांगा सरळच हव्यात. मग तिला या बाजूने त्या बाजूला नेऊन उभे केले. इकडून सात रांगा आठांच्या, तिकडून आठ रांगा सातांच्या. ठिपके तेच. "म्हणजे आठ सत्ते वेगळे पाठ करायला नको?" तिने विचारले. नकोच! पुढे पाच रांगांनंतर एक रेघ मारली. वरचे पाच अठ्ठे चाळीस, खालचे दोन अठ्ठे सोळा, मिळून छप्पन्न. आठवले नाही तर इकडून तिकडून छप्पन्नावर येण्याची वाट तिला मिळाली. जिन्याने जाताना पाय घसरला तरी धरायला कठडा असावा, तसे हे आहे.

मग आम्ही दहा दाहेपर्यंतच्या शंभर घरांचा तक्ता कागदावर काढला आणि एकेक घर खोडायला घेतले. उलटसुलट जोड्या एकच धरल्या, तर शंभरातली ५५ उरतात. एकच्या आणि दहाच्या पाढ्याला कुणी घाबरत नाही. ते काढले की ३६. दोनचा पाढा म्हणजे दुप्पट, पाचचा म्हणजे दहाचा अर्धा. तेही तिला येत होते, राहिल्या २१. नवाचा पाढा दहाच्या पाढ्यातून काढता येतो: सात दाहे सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट, शिवाय उत्तरातल्या दोन अंकांची बेरीज नऊ येते, म्हणजे पडताळाही घरचाच. नवाच्या जोड्या काढल्या आणि उरल्या फक्त १५. त्यातल्या तीन त्रिक, तीन चोक, चार चोक अशा सात तिला न अडखळता येत होत्या. तिने बोटांनी उरलेली घरे मोजली, पुन्हा मोजली, आणि म्हणाली, "आजी, आठच?"

महिनोन् महिने त्या पोरीला वाटत होते की आपल्याला काहीच येत नाही. तिला न येणाऱ्या गोष्टी आठ होत्या. त्या आठांची नावेही कुणी तिला सांगितली नव्हती.

आम्ही आठ चिठ्ठ्या केल्या. आठवड्याला दोन, रोज संध्याकाळी दहा मिनिटे, जुन्या चिठ्ठ्या मधूनमधून पिसून. सात अठ्ठेंसाठी मी तिला पाच, सहा, सात, आठ हे अंक ओळीने लिहून दाखविले: ५६ म्हणजेच ७ गुणिले ८. सहा सत्ते बेचाळीस मात्र फार दिवस त्रास देत राहिले. मुलांची चूक बहुधा शेजारच्या घरात पडते. सहा सत्तेंना अठ्ठेचाळीस म्हणतात, म्हणजे सहा अठ्ठेंच्या घरात शिरतात. अशा वेळी उत्तर ओरडून सांगण्यापेक्षा, "सहा सक किती? मग आणखी सहा?" असे विचारावे. घर सापडते.

घड्याळ आम्ही पाचव्या आठवड्यापर्यंत बाहेर काढले नाही. वेगाची चाचणी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. पण पक्के झाल्यावर वेग आपोआप येतो, आणि पक्के होण्याआधी वेग मागितला की भीती येते. भ्यालेल्या मुलाचे डोके उत्तर शोधण्यात नसते, ते बाईंच्या चेहऱ्याकडे असते. मुलीच्या आईने वर्गशिक्षिकेला भेटून एवढेच मागितले की काही दिवस हिची परीक्षा कागदावर घ्यावी. बाई भल्या होत्या, त्यांनी ऐकले. पोटदुखी लगेच गेली नाही. नाताळच्या सुट्टीनंतर कधीतरी ती बंद झाली. कोणत्या मंगळवारी, ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

इथे एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवावी. काही थोडी मुले अशी असतात की सगळे करूनही त्यांच्या डोक्यात अंक टिकत नाहीत. घड्याळ वाचणे, सुटे पैसे मोजणेही त्यांना जड जाते. तो आळस नसतो, मठ्ठपणाही नसतो. अशा मुलाची तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी. त्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. मारून किंवा क्लास लावून हा प्रश्न सुटत नाही.

दहाच्या पुढचे काय, असे आता आजोबा विचारतील. अकरा ते वीस यावेत, असे मलाही वाटते. पण ते दहाच्या आतल्या पाढ्यांवर उभे करावे. सतरा सक म्हणजे दहा सक साठ आणि सात सक बेचाळीस, एकूण एकशे दोन. चार-सहा वेळा असे काढले की ते आपोआप पाठ होते, आणि विसरले तरी पुन्हा काढता येते. बारा, पंधरा, सोळा आणि पंचवीस हे चार पाढे मात्र तोंडी असावेतच. डझन, पाव तास, पंचवीस टक्के ही रोजची मंडळी आहेत.

या मुलीचे आजोबा, त्यांना सगळे नाना म्हणतात, तिसाच्या पक्षाचे. माझी पद्धत म्हणजे नव्या काळातले थेर, असे त्यांचे मत. फाल्गुनात एकदा आम्ही सगळे गच्चीवर बसलो असताना त्यांनी नातीला मुद्दाम विचारले, "काय गं पोरी, एकोणतीस सत्ते किती? तुमच्या बाईंनी शिकवले का?"

मुलीने आकाशाकडे पाहिले. "तीस सत्ते दोनशे दहा," ती म्हणाली, "त्यातून सात गेले. दोनशे तीन."

नाना काही बोलले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. एकोणतीस चोक सोळोदरसेपर्यंत ते आले होते. पुढच्या तीन पायऱ्या चढून झाल्यावर त्यांनी मान हलविली आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता एकोणतीस नव्वे सांग."